वाळवंटातल्या शहरात बर्फावरची हॉकी टिकते का?

मागच्या टर्ममध्ये आमच्या डॉर्ममध्ये एक वाद झाला आणि त्यात मी दोन रविवारचे गुलाबजाम हरलो. माझ्या शेजारच्या खाटेवरचा कॅडेट लेहचा आहे. आम्ही त्याला नावाने हाक मारत नाही, ‘लेह’च म्हणतो. त्याच्या ट्रंकेच्या तळाशी, ब्लँकेटखाली, बर्फावरच्या हॉकीचे स्केट्स आहेत. इन्स्पेक्शनच्या वेळी दर वेळी त्याला विचारले जाते, हे इथे कशाला? आणि तो दर वेळी तेच उत्तर देतो, “सर, घरी ठेवले तर धाकटा भाऊ वापरून धार घालवतो.”

वाद असा होता. मी म्हणालो, उकाड्याच्या शहरात बर्फावरची हॉकी म्हणजे राजस्थानात नौदलाचा तळ. हौस म्हणून एखादा सामना होईल, पण पगार देणारा व्यावसायिक संघ वर्षानुवर्षे चालणे शक्य नाही. लेह म्हणाला, “अमेरिकेत वाळवंटात संघ आहे. त्याने कपसुद्धा जिंकला आहे.” मी गुलाबजामांची पैज लावली. दुसऱ्या दिवशी लायब्ररीत पाहिले तर तो बरोबर होता. पण त्याच वाळवंटी भागातला आणखी एक संघ अठ्ठावीस वर्षे धडपडून शेवटी शहर सोडून गेला होता, हेही तिथेच कळले. म्हणजे मी निदान अर्धा बरोबर होतो. गुलाबजाम मात्र पूर्ण गेले.

तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागलो. एक संघ का टिकला आणि दुसरा का नाही? याचे उत्तर मला वाटले होते तिथे, म्हणजे थर्मामीटरमध्ये, सापडले नाही.

आधी बर्फाचेच बघू, कारण सगळ्यांची पहिली शंका तीच असते. माझीही होती. “उकाड्यात बर्फ राहील कसा?” असे मी विचारले तेव्हा लेहने उलट विचारले, “मग मेसचा डीप फ्रीझर मे महिन्यात कसा चालतो?” रिंक म्हणजे खरोखरच एक आडवा पडलेला, झाकण नसलेला डीप फ्रीझर आहे. नॅशनल हॉकी लीगच्या रिंकची लांबी सुमारे ६१ मीटर आणि रुंदी सुमारे २६ मीटर असते. खाली काँक्रीटची लादी आणि त्या लादीच्या पोटात काही किलोमीटर लांबीचे पाइप. पाइपांतून मिठाचे किंवा ग्लायकॉलचे पाणी फिरते. साधे पाणी शून्याला गोठते, हे शून्याच्या खाली जाऊनही वाहत राहते. ते लादीतली उष्णता शोषून घेते, यंत्रे ती उष्णता इमारतीबाहेर फेकतात, आणि लादीवर पातळ पातळ थरांत फवारलेले पाणी गोठत जाते. बर्फ एकूण किती जाड होतो, तर जेमतेम तीन सेंटिमीटर! मी निदान हातभर तरी असेल असे समजत होतो. बर्फ पारदर्शक असल्यामुळे खालचे काँक्रीट दिसू नये म्हणून मधल्या थराला पांढरा रंग देतात, त्यावर रेघा आखतात आणि वर पुन्हा पाणी गोठवतात. पृष्ठभागाचे तापमान उणे पाच अंशांच्या आसपास राखले जाते.

गंमत म्हणजे या कामात उष्णतेपेक्षा दमट हवा जास्त त्रास देते. थंडगार बर्फावर ओलसर हवा आली की दव पडते, बर्फ खरखरीत होतो आणि वर धुके साचते. याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण उकाड्याच्या शहरातले नाहीच. ते बफेलोचे आहे, जिथला हिमवर्षाव अमेरिकेत प्रसिद्ध आहे. मे १९७५ मध्ये तिथे अंतिम फेरीचा सामना होता. इमारतीत वातानुकूलन नव्हते, बाहेर उकडत होते. बर्फावर इतके धुके साचले की खेळ पुन्हा पुन्हा थांबवून खेळाडूंना गोल गोल फेऱ्या मारून ते विस्कटावे लागले. त्यातच एक वटवाघूळ आत शिरले आणि एका खेळाडूने ते स्टिकने मारले. बफेलोने तो सामना जादा वेळेत ५-४ असा जिंकला. म्हणजे थंड शहरात धुके झाले, कारण यंत्र नव्हते. आज फ्लोरिडासारख्या घामट राज्यात जूनमध्येही अंतिम सामने होतात, कारण तिथे हवा कोरडी करणारी यंत्रे आहेत.

आणि झांबोनी! मधल्या सुट्टीत रिंकवर फिरून बर्फ गुळगुळीत करणारी ती बोजड गाडी कुठे जन्मली असेल? मी कॅनडा म्हटले होते. ती दक्षिण कॅलिफोर्नियात, पॅरामाउंट गावात जन्मली. फ्रँक झांबोनी आणि त्याचा भाऊ बर्फाच्या लाद्या बनवून विकत असत. घरोघरी फ्रिज आले आणि लाद्यांचा धंदा बसला. तेव्हा त्यांनी १९४० मध्ये स्केटिंगची रिंक काढली, आणि तिचा बर्फ हाताने सारखा करण्यात फार वेळ जातो म्हणून फ्रँकने १९४९ मध्ये ही गाडी बनवली. ज्यांना बर्फ फुकट मिळतो त्यांना असली गाडी सुचली नाही, ज्यांना तो विकत बनवावा लागतो त्यांना सुचली.

लास वेगासमध्ये तर २७ सप्टेंबर १९९१ रोजी एका हॉटेलच्या उघड्या पार्किंगमध्ये रिंक बनवून सामना खेळवला होता. लॉस एंजेलिस विरुद्ध न्यूयॉर्क, तापमान तिशीच्या आसपास. बर्फ टिकला! त्रास झाला तो दिव्यांवर झेपावून बर्फावर पडणाऱ्या टोळांचा. तेरा हजार लोकांनी तो सामना पाहिला.

तेव्हा बर्फाचा प्रश्न सुटलेला आहे. तो इंजिनिअरचा प्रश्न होता आणि इंजिनिअरने सोडवला. उरतो तो खुर्च्यांचा प्रश्न.

या लीगमध्ये ३२ संघ आहेत आणि अनेक वर्षे प्रत्येकाने नियमित हंगामात ८२ सामने खेळले, त्यांतले निम्मे, म्हणजे ४१, घरच्या मैदानावर. स्टेडियममध्ये साधारण १७ हजार जागा धरल्या तर एका हंगामात जवळजवळ सात लाख तिकिटे विकायची. आपल्याकडे आयपीएलचा संघ साखळीत घरी सातच सामने खेळतो. वानखेडेच्या सुमारे ३३ हजार जागा सात वेळा भरल्या तरी सव्वादोन-अडीच लाखांच्या मध्येच आकडा थांबतो. शिवाय आयपीएलच्या संघाला टीव्हीच्या पैशाचा मोठा आधार असतो. हॉकीत तसे नाही. २०२१ मध्ये अमेरिकेत लीगचा जो टीव्ही करार झाला तो वर्षाला सुमारे साडेबासष्ट कोटी डॉलरचा असल्याचे छापून आले होते. बत्तीस जणांत वाटला तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन कोटींहून थोडे कमी येतात. आणि २०२३-२४ च्या हंगामात एका संघाच्या खेळाडूंच्या पगारांची कमाल मर्यादा होती ८ कोटी ३५ लाख डॉलर. मधली दरी मुख्यतः स्टेडियममध्ये येणाऱ्या माणसांनी भरायची, तीही मंगळवारी रात्री, संघ सलग पाच सामने हरलेला असताना.

थंड देशातल्या शहरात हे सोपे जाते, कारण तिथला आजोबा खेळलेला असतो, बाप खेळलेला असतो आणि मुलगा हट्ट करतो. उकाड्याच्या शहरात आजोबाही नाही आणि बापही नाही. सुरुवात मुलापासून करावी लागते, आणि मुलाला स्वतःच्या पगारातून तिकीट काढायला वीस वर्षे लागतात. ही वीस वर्षे कोणी कशी काढली, यावर सगळे ठरले असे मला वाटते.

फिनिक्सचेच घ्या. अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटातले हे शहर. जून-जुलै २०२३ मध्ये तिथे सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या वर गेला. पण हॉकीचा हंगाम ऑक्टोबर ते एप्रिल, तेव्हा तिथली हवा छान असते. शिवाय कोरडी, म्हणजे बर्फाला फ्लोरिडापेक्षा सोयीची. १९९६ मध्ये कॅनडातल्या विनिपेगचा संघ उचलून इथे आणला आणि त्याचे नाव कोयोटीज ठेवले. पहिले स्टेडियम शहराच्या मध्यभागी होते, पण ते बास्केटबॉलसाठी बांधलेले. बास्केटबॉलचे मैदान लहान, त्यामुळे हजारो खुर्च्यांवरून एका बाजूचा गोल नीट दिसत नव्हता. ज्या खेळात गोलच बघायचा, तिथे गोल न दिसणारे तिकीट कोण घेणार?

म्हणून डिसेंबर २००३ मध्ये संघ ग्लेनडेल या उपनगरात नव्या स्टेडियममध्ये गेला. स्टेडियम उत्तम होते, जागा चुकीची होती. ते शहराच्या पश्चिम टोकाला, आणि तिकीट परवडणारी बरीच मंडळी पूर्वेकडे, स्कॉट्सडेलच्या बाजूला राहणारी. कामावरून सुटून, गर्दीतून गाडी हाकत एवढे अंतर जायचे, ४१ वेळा. पुण्यात हडपसरहून पिंपरीला संध्याकाळी सहा वाजता निघून पाहावे, म्हणजे कल्पना येईल. आणखी एक अडचण मला वाचताना मजेदार वाटली, त्यांना वाटली नसणार. हिवाळ्यात ऊब घ्यायला कॅनडातून आणि उत्तरेकडून हजारो लोक अ‍ॅरिझोनात येतात. ते हॉकीचे तिकीट आनंदाने घेत, पण टाळ्या पाहुण्या संघासाठी वाजवत.

२००९ मध्ये संघाच्या मालकाने दिवाळखोरीचा अर्ज केला. शेवटी लीगने स्वतःच संघ विकत घेतला आणि २०१३ पर्यंत सांभाळला. संघ जाऊ नये म्हणून ग्लेनडेलच्या नगरपालिकेने दोन वर्षे दर वर्षी अडीच कोटी डॉलर मोजले. नगरपालिकेने, म्हणजे पाणीपट्टी आणि घरपट्टी भरणाऱ्यांनी. या काळातही संघ लढला, २०१२ मध्ये उपांत्य फेरीपर्यंत गेला. पण पुढे करार संपला, आणि २०२२ पासून हा संघ टेम्पी इथल्या विद्यापीठाच्या छोट्या रिंकवर खेळू लागला. पाच हजारांहून कमी जागा! रणजीच्या सामन्यासाठी ठीक, या लीगसाठी नाही. टेम्पीत नवे स्टेडियम बांधायचे की नाही यावर मे २०२३ मध्ये लोकांनी मतदान केले आणि नाही म्हटले. एप्रिल २०२४ मध्ये कोयोटीजने शेवटच्या सामन्यात एडमंटनला ५-२ असे हरवले आणि खेळाडू युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीला गेले.

इथवर वाचून मी लेहला म्हणालो, बघ, उकाडा. तो म्हणाला, “यात उकाडा कुठे आला? मालक, जागा आणि रस्ता आला.”

त्याचे म्हणणे मान्य करावे लागले ते फ्लोरिडातल्या टॅम्पा शहरामुळे. टॅम्पाची हवा बर्फाला फिनिक्सहून वाईट, समुद्राकाठची, चिकट. १९९२ मध्ये तिथे संघ आला, २००४ मध्ये कप जिंकला, मग पुन्हा घसरला. २०१० मध्ये जेफ विनिक नावाच्या माणसाने तो घेतला. त्याने स्टेडियमची दुरुस्ती स्वतःच्या खिशातून केली. घरच्या प्रत्येक सामन्याला शहरातल्या एका समाजसेवकाला बर्फाजवळ उभे करून त्याच्या कामासाठी ५० हजार डॉलर देण्याची प्रथा २०११ मध्ये सुरू झाली. शाळाशाळांत रस्त्यावर खेळायच्या हॉकी स्टिक वाटल्या. बर्फ नसला तरी चालेल, आधी हातात स्टिक येऊ दे, असा हिशेब. २०२० आणि २०२१ मध्ये टॅम्पाने लागोपाठ कप जिंकला. २०२३ मध्ये लास वेगासने, २०२४ आणि २०२५ मध्ये मायामीजवळच्या फ्लोरिडा पँथर्सने. २०२० ते २०२५ या सहा वर्षांत पाच कप उकाड्याच्या शहरांत गेले. हॉकी जिथली समजली जाते त्या कॅनडातल्या संघाने १९९३ नंतर २०२५ पर्यंत एकही जिंकलेला नव्हता.

लास वेगासची गोष्ट आपल्या मासिकात सांगण्यासारखी आहे, कारण तिथला मालक बिल फोली हा वेस्ट पॉइंट या अमेरिकी लष्करी अकादमीचा माजी कॅडेट. संघाच्या ‘गोल्डन नाइट्स’ या नावातले ‘नाइट्स’ त्याच्या अकादमीच्या ‘ब्लॅक नाइट्स’वरून आले आहे. संघ मिळण्याआधीच त्याने शहरात विचारून पाहिले, सीझन तिकिटासाठी अनामत भरायला कोण तयार आहे? दहा हजारांहून जास्त अनामती जमल्या, आणि मग त्याने ५० कोटी डॉलर प्रवेश फी भरली. शहरात तेव्हा दुसरा कोणताही मोठा व्यावसायिक संघ नव्हता, म्हणजे वाटेकरीच नाही. घरचा पहिला सामना १० ऑक्टोबर २०१७ ला होता. त्याच्या नऊच दिवस आधी त्या शहरात एका संगीत कार्यक्रमावर गोळीबार होऊन माणसे मेली होती. त्या संध्याकाळी खेळाडूंच्या शेजारी डॉक्टर, पोलीस आणि अग्निशमन दलाचे लोक बर्फावर उभे राहिले. नंतर सामना झाला आणि वेगासने तो ५-२ असा जिंकला. आधी कोणाचाच नसलेला तो संघ तिथून शहराचा झाला, असे त्याबद्दल लिहिणारे बहुतेक सगळे म्हणतात. समोर हरणारा संघ अ‍ॅरिझोना कोयोटीज होता. दोन्ही वाळवंटातलेच.

थंडी असली की संघ टिकतो, हेही खोटे आहे. फिनिक्सला गेलेला संघ विनिपेगचा होता, आणि विनिपेगची थंडी कॅनडातही प्रसिद्ध आहे. स्टेडियम जुने, शहर लहान, कॅनडाचा डॉलर स्वस्त आणि पगार अमेरिकी डॉलरमध्ये, म्हणून १९९६ मध्ये संघ गेला. पुढे २०११ मध्ये विनिपेगला संघ परत मिळाला तो कुठून, तर जॉर्जियातल्या उबदार अटलांटाहून. अटलांटाने असे दोन संघ कॅनडाला घालवले, १९८० मध्ये कॅल्गरीला आणि २०११ मध्ये विनिपेगला. दुसऱ्या संघाचे मालक आपसांत कोर्टात भांडत होते. त्या संघाला अकरा हंगामांत बाद फेरीत एकदाच जागा मिळाली आणि तिथे एकही सामना जिंकता आला नाही. उकाडा बाजूला ठेवू, असा संघ मी तरी तिकीट काढून पाहणार नाही.

फिनिक्समधले ते सगळे फुकट गेले का, हे मात्र मला ठरवता येत नाही. ऑस्टन मॅथ्यूज स्कॉट्सडेलमध्ये वाढला. लहानपणी कोयोटीजचे सामने बघायला जाई, तेव्हा त्याला खेळाइतकीच झांबोनी आवडे असे वाचले. २०१६ मध्ये लीगच्या निवडीत त्याचा पहिला क्रमांक आला आणि टोरंटोकडून पहिल्याच सामन्यात त्याने चार गोल केले. २०२३-२४ मध्ये त्याने ६९ गोल केले. त्याच हंगामात त्याचा लहानपणचा संघ गाव सोडून गेला. संघ आला नसता तर वाळवंटातल्या त्या मुलाने स्केट्स घातले नसते. वीस वर्षांचे म्हणतात ते पीक आले, पण शेत विकले गेले होते.

आता आपल्याकडचे. डेहराडूनला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी मोठी बंदिस्त रिंक बांधली. स्पर्धा झाल्या आणि ती अनेक वर्षे बंद राहिली. यंत्रे बर्फ करू शकत होती, पण रोज वापरणारे नसताना रोजचा खर्च कोण करणार? २०२५ मध्ये ती पुन्हा सुरू झाली आणि ऑगस्टमध्ये, भर पावसाळ्यात, तिथे शॉर्ट ट्रॅक स्केटिंगची आशियाई स्पर्धा झाली. उलट लडाखमध्ये खेळणारे भरपूर, लष्कराचे आणि आयटीबीपीचे तगडे संघ, तळी गोठली की पोरे उतरतातच. पण निसर्गाचा बर्फ दोनेक महिनेच टिकतो. आपल्या महिला संघातल्या बहुतेक मुली तिथल्याच. २०२५ मध्ये त्यांनी आशिया कपमध्ये कांस्यपदक मिळवले ते संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐन या वाळवंटी शहरात, जूनच्या उन्हाळ्यात.

मुंबईत व्यावसायिक संघ चालेल का, असे मी लेहला विचारले. तो म्हणाला, आधी एक रिंक काढा आणि ती मंगळवारी सकाळी सहा वाजता पोरांना उघडी ठेवा, मग वीस वर्षांनी विचार. मला ते पटले. विजेचे बिल मात्र त्याने माझ्यावर ढकलले, कारण मुंबई माझी.

हा लेख त्याला वाचून दाखवला. त्याने एकच दुरुस्ती सांगितली. दोनेक महिने हे जुने झाले, गेल्या हिवाळ्यात त्यांच्या तळ्यावर बर्फ उशिरा धरला, त्याला सुट्टीत थोडेच दिवस खेळायला मिळाले आणि स्केट्सही आता घट्ट होत आहेत. किती दिवस, हे त्याने मोजले नव्हते. या डिसेंबरात वहीत रोज नोंद ठेवायला मी त्याला सांगितले आहे. आकडा मिळाला की पुढच्या अंकात देईन.